मंत्रीसाहेब, आमची भाषा शिकाल का?

जूनच्या पहिल्या आठवड्यात कात्रजच्या संतोषनगरमधली एक आई मुलीचा दाखला घेऊन आली. मुलगी पाचवीत जाणार होती. आई म्हणाली, "टीचर, बच्ची को उर्दू में डालूं के मराठी में?" तिचा हिशोब साधा होता. उर्दूतून शिकली तर पुढे भरतीचा अर्ज, बँकेचं काम, कोर्टाचा कागद, सगळीकडे अडेल. मराठीतून शिकली तर लातूरला नानीकडे जी किताबं ठेवलेली आहेत, ती वाचणारं घरात कुणी उरणार नाही.

मी दोन्ही भाषा शिकवते, म्हणून माझं उत्तर ठरलेलं असतं : "दोन्ही शिकव." पण हे उत्तर देताना दर वर्षी माझी जीभ थोडी अडखळते. आम्ही दोन्ही भाषांचं ओझं पाचवीच्या पोरीच्या पाठीवर देतो. उर्दू शाळांचा, उर्दू भाषेचा कारभार जे मुंबईत बसून पाहतात, त्यांच्याकडून आपण काय मागतो? काहीच नाही. त्यांना उर्दूचा अलिफ माहीत असावा, अशी अपेक्षासुद्धा आपण कधी बोलून दाखवलेली नाही.

अशा वेळी मला आयर्लंडचा एक राज्यमंत्री आठवतो. इतक्या लांब जायचं कारण आहे, आणि ते मालवणातून जातं. त्या देशाचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. डिसेंबर 2019 मध्ये पंतप्रधान असताना लिओ वराडला येऊन गेले, तेव्हा आपल्या सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो होते. मी तेव्हापासून त्या देशाच्या बातम्या वाचू लागले आणि वाचता वाचता त्यांच्याच पक्षाच्या जो मॅकह्यू यांच्यापर्यंत पोहोचले.

आधी तिथल्या भाषेची गोष्ट सांगते. आयरिश ही आयर्लंडची स्वतःची भाषा. 1937 च्या राज्यघटनेत ती राष्ट्रभाषा आणि पहिली राजभाषा आहे. त्यांच्या संसदेची, म्हणजे डॉलची, पहिली बैठक 21 जानेवारी 1919 ला भरली तेव्हा बहुतेक कामकाज आयरिशमध्येच झालं होतं. शाळेत प्रत्येक मूल ती भाषा शिकतं. तरीही 2022 च्या जनगणनेत शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे निघाले बहात्तर हजारांच्या आत. राज्यघटनेत पहिला मान आहे, रस्त्यांच्या पाट्यांवर ती आहे, पण बाजारात आणि घरात इंग्रजी आहे. जिथे ती अजून घरची भाषा आहे, त्या पश्चिमेकडच्या पट्ट्यांना गेलटाख्त म्हणतात आणि सरकारात त्यांचं खातं असतं.

2014 च्या सुरुवातीला हे भाषिक लोक संतापलेले होते. सरकारने नेमलेले भाषा आयुक्तच, सरकारी कार्यालयं आयरिशमधून सेवा द्यायला तयार नाहीत असं सांगून पदावरून दूर झाले. फेब्रुवारीत डब्लिनच्या रस्त्यावर हजारो लोकांचा मोर्चा निघाला. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मंत्रिमंडळात फेरबदल झाला. वराडकर आरोग्यमंत्री झाले तो हाच फेरबदल. गेलटाख्तचं राज्यमंत्रिपद मिळालं जो मॅकह्यू यांना, आणि त्यांना आयरिश धड बोलता येत नव्हतं. त्यांच्या वरच्या कॅबिनेट मंत्री बाईंनाही येत नव्हतं. भाषेचं खातं, आणि भाषा दोघांनाही नाही! साहजिकच टीकेची झोड उठली.

मॅकह्यू हे डोनेगल भागातले, राजकारणात येण्याआधी शिक्षक होते. शाळेत शिकलेली आयरिश वापराविना गेली होती, जशी आपली दहावीची हिंदी जाते. अशा वेळी राजकारणी माणूस काय करतो? "माझं काम प्रशासनाचं, भाषा दुभाष्याने सांभाळावी," असं म्हणतो. मॅकह्यू यांनी ते केलं नाही. त्याच उन्हाळ्यात डोनेगलमधल्या ग्लेनकोलमकिल या गावी प्रौढांसाठी आयरिशचे वर्ग चालतात, तिथे ते विद्यार्थी म्हणून जाऊन बसले. मंत्री शाळेत गेला म्हणून थट्टा झाली, ती त्यांनी सोसली. मग आयरिश भाषेतल्या मुलाखती आणि सदनातली उत्तरं, दोन्हीकडे ते त्या भाषेत उतरले. पुढे वराडकर पंतप्रधान झाल्यावर ऑक्टोबर 2018 मध्ये त्यांनी याच मॅकह्यूंना देशाचं शिक्षणमंत्री केलं.

या गोष्टीत मला सर्वात महत्त्वाची वाटते ती सदनातली उत्तरं. राज्यमंत्री हे पद तिथेही आणि इथेही धाकटं. मोठे निर्णय मंत्रिमंडळाच्या बैठकीत होतात आणि तिथे राज्यमंत्र्याला सहसा खुर्ची नसते. त्याचा आवाज कायमचा नोंदला जातो तो सदनातच. कॅबिनेट मंत्री हजर नसला की तारांकित प्रश्नाला, लक्षवेधीला उभा राहतो तो राज्यमंत्री. कागद खात्याने लिहून दिलेला असतो, पण उपप्रश्न आला की कागद संपतो आणि माणूस सुरू होतो. त्या क्षणी त्याला विषय माहीत आहे की नाही, हे सगळ्या राज्याला कळतं. आयर्लंडच्या संसदेच्या नोंदीत तर सदस्य ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत त्याचं बोलणं छापतात. म्हणजे त्या मंत्र्याची आयरिश कशी होती, कधी अडखळली आणि कधी सुधारली, हे त्या नोंदीत कायमचं राहिलं. एखाद्या भाषेचा मान राखणं म्हणजे मला तरी हेच वाटतं : आपली चूक लोकांसमोर होऊ देण्याची तयारी.

आता आपल्याकडे या. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे 75 लाख लोक आहेत. राज्याचा वेगळा अल्पसंख्याक विकास विभाग 2008 पासून आहे. बालभारती उर्दूतून पाठ्यपुस्तकं छापते. उर्दू शाळा आहेत, उर्दू अकादमी आहे, शिक्षकांच्या रिकाम्या जागा आहेत, मोडकी छपरं आहेत, आणि या सगळ्यावर सदनात प्रश्न येतात. या खात्यावर आजवर किती पक्षांचे मंत्री आणि राज्यमंत्री आले. त्यांच्यापैकी कुणाला उर्दू येतं का, हा प्रश्न शपथविधीच्या दिवशी कुणी पत्रकाराने विचारल्याचं मला आठवत नाही. आपणही विचारला नाही. ईदच्या दिवशी डोक्यावर टोपी, शिरखुर्म्याची वाटी, दोन ओळी शेर, आणि आपण खूश.

कुणी म्हणेल, आयरिश ही तिथली राष्ट्रभाषा, इथे उर्दूचं तसं कुठे आहे? बरोबर आहे. या राज्याची राजभाषा मराठी आहे आणि असायलाच हवी. उर्दू घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी एक आहे, बस. मी उर्दूला मराठीच्या शेजारी सिंहासन मागत नाही. पण पाटीवर असणं आणि तोंडात असणं यातला फरक आयर्लंडने आपल्याला शिकवला आहे. आपल्याकडे तर पाटीसुद्धा कोर्टात गेली. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीच्या खाली उर्दू होती, तिच्याविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. एप्रिल 2025 मध्ये न्यायालयाने ती पाटी राहू दिली आणि भाषेला धर्म चिकटवू नका, असं स्पष्ट सांगितलं. निकाल वाचून मला आनंद झाला, आणि लगेच वाटलं, एवढ्यासाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं? भाषेचं एक अक्षर वाचता येणारी माणसं सरकारात असती, तर त्या अक्षरांची भीती कुणाला वाटली असती?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. "मंत्र्याने भाषा शिकून छप्पर दुरुस्त होतं का? निधी आणा, शिक्षक भरा." खरंच, भाषा शिकलेला पण काम न करणारा मंत्री काय कामाचा? आयर्लंडमध्येही मंत्री आयरिश शिकला म्हणून रोज बोलणाऱ्यांची संख्या वाढली नाही. उलट 2011 च्या जनगणनेत ती सत्याहत्तर हजारांवर होती, ती कमीच होत गेली आहे. हे मान्य करूनच मी बोलते आहे. पण मी वर्गात वीस वर्षं उभी आहे. एका प्रशिक्षणात एका अधिकाऱ्याने आम्हा उर्दू शिक्षकांसमोर पाचवीचं उर्दू पुस्तक उलट्या बाजूने उघडलं, शेवटचं पान पहिलं समजून चाळलं आणि "छान छपाई आहे" म्हणून खाली ठेवलं. आम्ही हसलो नाही, कुणी काही बोललंही नाही. त्या दिवशी मांडलेल्या आमच्या सगळ्या तक्रारींचं काय झालं असेल, ते तुम्ही ओळखू शकता. ज्याला पुस्तक कुठून उघडतं हे माहीत नाही, त्याला त्यातली चूक कशी दिसणार? तीन महिन्यांत अलिफपासून ये पर्यंत अक्षरं ओळखता येतात. साहित्य वाचायला वेळ लागेल, पण शाळेच्या भेटीत मुलाची वही हातात घेऊन दोन शब्द वाचता येतील. तेवढ्याने मुलाच्या मनात सरकारविषयी काय बदलतं, ते मला माहीत आहे.

आता बोट आपल्याकडे वळवते, कारण नाही वळवलं तर हा लेख खोटा होईल.

9 नोव्हेंबर 2009 आठवा. विधानसभेत अबू आझमी यांनी हिंदीतून शपथ घेतली आणि मनसेच्या आमदारांनी त्यांना सदनातच मारहाण केली. चार आमदार चार वर्षांसाठी निलंबित झाले. ती मारहाण निंद्य होती, यात शंका नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद 210 विधिमंडळात राज्याच्या राजभाषेबरोबर हिंदी आणि इंग्रजीलाही जागा देतो, आणि या भाषांत नीट बोलता न येणाऱ्या सदस्याला अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेतही बोलता येतं. कायदा आझमींच्या बाजूने होता. पण मराठी मुसलमान म्हणून मला त्या दिवशी आणखी एक दुःख झालं. सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं आणि समजून घेतलं की मुसलमान म्हणजे मराठी न बोलणारा. कोकणातला, मराठवाड्यातला, सातारा-सांगलीतला जो मुसलमान पिढ्यानपिढ्या मराठीत भांडतो, रडतो, हिशोब करतो, तो त्या चित्रात कुठेच नव्हता. महाराष्ट्रात मुसलमान सुमारे साडेअकरा टक्के आणि उर्दू मातृभाषा सांगणारे पावणेसात टक्के. मधली माणसं कोणती भाषा बोलतात, याचा विचार कुणी करत नाही.

म्हणून मॅकह्यूंची गोष्ट दोन्ही बाजूंना लागू आहे. अल्पसंख्याक खात्याचा राज्यमंत्री उर्दू शिकला पाहिजे, हे मी जितक्या हक्काने म्हणते, तितक्याच हक्काने म्हणते की मुस्लिम मोहल्ल्यातून निवडून जाणारा आमदार मराठीत लक्षवेधी मांडता येईल इतका तयार असला पाहिजे. कायद्याने सक्ती नाही म्हणून नव्हे, तर सदनातला प्रश्न राज्यातल्या सगळ्या माणसांना त्यांच्या भाषेत ऐकू जावा म्हणून. 2020 च्या कायद्याने आमच्या उर्दू शाळांतही मराठी सक्तीची आहे. संतोषनगरची ती पाचवीची मुलगी दोन लिप्या शिकते, एक उजवीकडून डावीकडे आणि एक डावीकडून उजवीकडे. दहा वर्षांच्या पोरीला जे जमतं ते पन्नास वर्षांच्या आमदाराला किंवा मंत्र्याला जमणार नाही, हे मी मानायला तयार नाही.

भाषा येत नाही यात लाज नाही. प्रत्येकाला सगळं कसं येईल? लाज आहे ती खुर्ची घेऊन शिकायला नकार देण्यात. पुढच्या अधिवेशनात तुमच्या भागातले आमदार उर्दू शाळांवर काही बोलले, तर सभेतलं भाषण ऐकू नका, सदनातला प्रश्न आणि त्यावर राज्यमंत्र्याने दिलेलं उत्तर मिळवून वाचा. ते कोणत्या भाषेत आहे, किती ओळींचं आहे, उपप्रश्नाला काय झालं, ते पाहा. मग मत द्या.

त्या आईला मी शेवटी तेच उत्तर दिलं, दोन्ही शिकव. मुलगी आता आमच्याकडे येते. मंत्रीसाहेबांनाही हेच सांगते. त्यांना वेळ असेल तर आमची शाळा सुटल्यावर साडेपाचनंतर मी मोकळी असते. फी नको, वही आणि पेन्सिल घेऊन यावं. कात्रजची बस स्वारगेटहून मिळते.