शब्दाची पत, सौद्याची पत

जुईनगर स्टेशनाबाहेर बाजारात थोडा वेळ उभे राहिले की गिऱ्हाइकांच्या तोंडून ‘चुना लावला’, ‘टोपी घातली’, ‘ऐनवेळी हात वर केले’ असे उद्गार कानी येतात. फसवणुकीसाठी इतके वाक्प्रचार रूढ व्हावेत, ही आम्हा व्यापाऱ्यांना भूषणावह गोष्ट नव्हे. त्याहून वाईट हे की, बाजारातील काही मानाचे शब्दही आता बदनाम झाले आहेत.

‘दलाल’ हा शब्द घ्या. अरबीत त्याचा मूळ अर्थ दाखवून देणारा. माल कुठे आहे व घेणारा कोण, हे दाखवील तो दलाल. पुराव्याला ‘दलील’ म्हणतात, तोही याच धातूपासून. आज मात्र दलाल ही जवळजवळ शिवी झाली. ‘हवाला’ म्हणजे एकाचे देणे दुसऱ्यावर सोपवणे. फिकहने मान्य केलेला व्यवहार. १९९० च्या दशकात जैन हवाला प्रकरण गाजले आणि शब्द काळ्या पैशाला चिकटला. ‘वस्ताद’ म्हणजे फारसी उस्ताद, हुन्नर शिकवणारा. आता ‘मोठा वस्ताद आहे’ म्हटले की लोक खिसा सांभाळतात.

१७व्या शतकात शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश तयार झाला व राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. तरी नफा, जमाखर्च, बाकी, वसुली, तगादा हे शब्द पेठेत टिकलेच. आज कोणत्याही धर्माचा दुकानदार तेच बोलतो. म्हणजे हे शब्द साऱ्या बाजाराचे आहेत आणि त्यांची पत राखणे आपल्याही हाती आहे.

दोन शब्दांचा तर आपल्या कारागीर बांधवांनी रोज विचार करावा. ‘वायदा’ म्हणजे वचन. पण शिंप्याचा किंवा सुताराचा वायदा म्हटले की गिऱ्हाईक हसते, कारण परवाचा परवा कधी उजाडत नाही. दुसरा शब्द ‘अनामत’. गाळा भाड्याने घेताना आपण अनामत देतो. हा मूळचा ‘अमानत’. मराठीत अक्षरांची अदलाबदल झाली. इमान आणि अमीन हे त्याच धातूचे. आपल्या पैगंबरांना (स.) नबुव्वतीपूर्वीच मक्केचे लोक अल-अमीन म्हणत, हे आपण जाणतोच.

तेव्हा शेरवानी किंवा कपाटासाठी घेतलेली आगाऊ रक्कम माल हाती देईपर्यंत आपल्याकडे अमानत आहे, असे आम्ही मानतो. पावतीवर तारीख लिहावी. उशीर होणार असेल तर आदल्या दिवशी कळवावे. काम जमत नसेल तर पैसे हुज्जत न घालता परत करावेत. सूरह माइदाची पहिलीच आयत करार पाळण्याचा हुकूम देते. शब्दाचा मूळ अर्थ कोशात सापडतो. बाजारात तो आपल्या वागणुकीवरून ठरतो.