विश्लेषण : गाईच्या वेदनाशामकाचा गिधाडाशी संबंध काय? बंदी नेहमी उशिरा का येते?

दुभत्या गाईला दगडी झाली, कास सुजली, अंगात ताप भरला, की पशुवैद्यकाला रात्रीही फोन जातो. तो येतो, प्रतिजैविक देतो आणि सोबत सूज-वेदना कमी करणारे एक इंजेक्शन टोचतो. गाय बरी झाली तर विषय संपला. पण ती दोन-तीन दिवसांत दगावली आणि उघड्यावर टाकली गेली, तर त्या इंजेक्शनचे काम संपलेले नसते. भारतातील गिधाडे नेमकी याच वाटेने संपत गेली. म्हणूनच कोणते वेदनाशामक वापरायचे, हा प्रश्न आज गोठ्यापुरता उरलेला नाही.

गिधाडे का मेली?

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९९० च्या दशकात गिधाडांची संख्या झपाट्याने घटल्याचे अभ्यासकांच्या लक्षात आले. १९९२ ते २००७ या काळात देशातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तब्बल ९९.९ टक्क्यांनी घटली. आधी संशय विषाणूवर होता. कोडे सुटले ते शवविच्छेदनाच्या टेबलावर. पशुरोगनिदानतज्ज्ञ लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडे तपासली. बहुतेकांच्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर होता, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली होती. अशा २५ गिधाडांच्या मूत्रपिंडांची तपासणी झाली आणि २५ही नमुन्यांत डायक्लोफेनॅक सापडले. इतर कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांपैकी एकातही ते नव्हते. हे संशोधन २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

थोड्या औषधाने इतका संहार कसा?

एका मृत जनावरावर डझनावारी गिधाडे तुटून पडतात. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रजननक्षम व्हायला सुमारे पाच वर्षे लागतात. त्यामुळे दर शंभर मृत जनावरांपैकी एकापेक्षाही कमी जनावरांत प्राणघातक मात्रा असली, तरी एवढी घसरण होऊ शकते, असे गणिती प्रारूपांनी दाखवले.

माणसांचे काय बिघडले?

गिधाडे गेली, मढी तशीच राहिली. तिथे भटकी कुत्री वाढली, रेबीजचा धोका वाढला, कुजणारे अवशेष पाण्यात मिसळू लागले. अर्थतज्ज्ञ इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे भारतात सुमारे पाच लाख अतिरिक्त मानवी मृत्यू झाले. हा अंदाज आहे. पण गिधाडांचे पूर्वापार अधिवास असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांतील मृत्युदरांची तुलना करून तो काढलेला आहे.

बंदी घातली होती ना?

होय, २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या ३० मिलिलिटरच्या कुप्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या. २०१५ मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करण्यात आली. घसरण मंदावली, पण तोवर त्याच कुळातील इतर औषधे बाजारात रुळली होती. त्यांपैकी असेक्लोफेनॅकचे तर जनावराच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होते. ते आणि केटोप्रोफेन यांवर २०२३ मध्ये बंदी आली, त्यानंतर जनावरांसाठीच्या निमेसुलाइडवर. फ्लुनिक्सिन मात्र वापरात आहे. स्पेनमध्ये एका गिधाडाच्या मृत्यूशी त्याचा संबंध जोडला गेला आहे.

पशुवैद्यकांपुढे पर्याय आहेत?

आहेत. मेलॉक्सिकॅम गिधाडांसाठी सुरक्षित असल्याचे २००६ मध्येच सिद्ध झाले. अनेक भारतीय कंपन्या ते बनवतात. टॉल्फेनॅमिक ॲसिडही चाचण्यांत सुरक्षित ठरले आहे. म्हणजे जनावराला वेदनेत ठेवा, असे कोणीच म्हणत नाही. प्रश्न सवयीचा आणि उपलब्धतेचा आहे. गावात पशुवैद्यक वेळेवर पोहोचत नसेल, तर पशुपालक औषध दुकानातून मिळेल ते आणणारच. त्याला दोष देऊन काही साधणार नाही.

मग चुकते कुठे?

क्रमात. पूल बांधला की आधी भार-चाचणी होते, मग वाहतूक सुरू होते. इथे आधी वाहतूक सुरू होते आणि पूल पडल्यावर चाचणी. एक औषध बाजारात येते, गिधाडे मरतात, संशोधक पुरावे गोळा करतात, समित्या बसतात आणि बंदी येईपर्यंत काही वर्षे जातात. डायक्लोफेनॅकवरील बंदीनंतर असेक्लोफेनॅकवर बंदी यायला १७ वर्षे लागली. गिधाडांना घातक ठरणारे औषध पशुवैद्यकीय वापरातून आपोआप बाद होईल अशी व्यवस्था हवी, असे केंद्राच्या २०२०-२५ च्या गिधाड संवर्धन आराखड्यात म्हटले आहे. तेही पुरेसे नाही. जनावरांसाठीच्या नव्या वेदनाशामकाने गिधाडांसाठीची सुरक्षितता परवान्याआधीच सिद्ध करावी आणि तो खर्च उत्पादकाने उचलावा.

महाराष्ट्राला हा विषय दूरचा नाही. रायगडमधील म्हसळा, श्रीवर्धन परिसरात गिधाडांची घरटी आहेत. हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून आणलेली पांढऱ्या पाठीची गिधाडे २०२४ मध्ये ताडोबात दाखल झाली. एकेक पिल्लू वाढवायला वर्षे आणि सरकारी पैसा लागतो. सोडलेले गिधाड मात्र जंगलाची हद्द पाळत नाही; ते गावाबाहेरच्या मढ्यावरही उतरते. त्या मढ्यात शेवटचे इंजेक्शन कोणते गेले होते, यावर त्याचे जगणे ठरणार आहे.