फुटबॉलचे धनी आणि खारघरचे मैदान

डिसेंबर २०२५ च्या अखेरीस 'सिटी फुटबॉल ग्रुप' या बलाढ्य परदेशी मंडळीने 'मुंबई सिटी' या फुटबॉल संघातील आपला हिस्सा सोडला आणि संघाची सूत्रे त्याच्या मूळ भारतीय मालकांकडे परत गेली. तेव्हापासून या संघाच्या पाठीराख्यांत जो वाद चालू आहे, तो आता मुंबईपुरता राहिलेला नाही. पनवेल, खारघर, उरण, अलिबाग येथील तरुणही त्यात हिरिरीने उतरले आहेत. एक पक्ष म्हणतो, थैली गेली, आता वैभवही जाईल. दुसरा म्हणतो, थैली असतानाच मैदानाची एक वीटसुद्धा उभी राहिली नाही, मग ती गेल्याचा शोक कशाला? नव्या धन्याने आधी खेळाडू घ्यावेत की आधी स्वतःचे घर बांधावे, हा या वादाचा गाभा आहे. हे घर उद्या आमच्या जिल्ह्याच्या भूमीवर बांधले जाण्याचा संभव असल्यामुळे या प्रश्नावर मौन पाळणे आम्हांस योग्य वाटत नाही.

प्रथम, गेलेल्या धन्याला न्याय दिला पाहिजे. नोव्हेंबर २०१९ मध्ये या मंडळीने संघाचा पासष्ट टक्के हिस्सा घेतला. त्यानंतर २०२०-२१ च्या हंगामात संघाने साखळीतील अग्रस्थानाची ढाल आणि अंतिम सामन्याचा करंडक असे दोन्ही मान एकाच वर्षी मिळविले. २०२२-२३ मध्ये ढाल पुन्हा आली, २०२३-२४ मध्ये करंडक पुन्हा आला. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या वायुदलाच्या संघाला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय संघ हा मान 'मुंबई सिटी'ने पटकावला. हे यश पैशाशिवाय मिळाले नसते हे खरे, आणि पैसा ओतूनही ज्यांना यश मिळाले नाही असे संघ थोडे नाहीत, हेही तितकेच खरे. तेव्हा तो खर्च वाया गेला असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु खर्चाचा हिशेब यशाने संपत नाही. धनी गेल्यावर काय उरले, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही. करंडक कपाटात उरले, आठवणी पाठीराख्यांच्या मनात उरल्या, मैदान मात्र उरले नाही. अंधेरीचे मैदान महानगरपालिकेच्या मालकीच्या क्रीडासंकुलातले. तेथे सात-आठ हजारांपलीकडे प्रेक्षक मावत नाहीत. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत याच संघाला आपला 'घरचा' सामना खेळण्यासाठी पुण्याच्या बालेवाडीस जावे लागले आणि सौदी अरेबियाच्या अल हिलालशी तो नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला. देशातील अग्रगण्य संघाने पाहुण्याला जेवायला बोलवावे आणि ताट-पाट शेजाऱ्याकडून मागून आणावे, असा हा प्रकार होता. १४ डिसेंबर २०२५ रोजी लिओनेल मेस्सी मुंबईस आला, तेव्हा त्याचे स्वागतही वानखेडे स्टेडियमवर, म्हणजे क्रिकेटच्या अंगणातच करावे लागले. ज्या शहरात १८९१ मध्ये रोव्हर्स करंडकाची स्पर्धा सुरू झाली, त्या शहराच्या फुटबॉलची ही दशा आहे.

ही दशा एका धन्यामुळे आलेली नाही. महाराष्ट्रातील फुटबॉलचा इतिहास म्हणजे धन्यांच्या आगमन-निर्गमनाचा इतिहास होय. गिरण्यांच्या वैभवकाळात मफतलाल, ऑर्के मिल्स यांचे संघ गाजले. गिरण्या थंडावल्या, संघही विसरले गेले. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय साखळी जिंकली आणि २०१० मध्ये मालकांनी तो संघ मोडला. पुण्यात पिरामल समूहाचा 'पुणे एफ.सी.' निघाला आणि बंद पडला. कल्याणी समूहाचा 'भारत एफ.सी.' तर एका हंगामातच आटोपला. 'एफ.सी. पुणे सिटी' २०१९ मध्ये मावळला, त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली आणि २०२५ मध्ये तो हैदराबादचा संघही दिल्लीस गेला. यांतील कोणताही धनी दुष्ट होता असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्या वहीत संघ ही केवळ एक खर्चाची ओळ असते, तो मंदीच्या दिवसांत ती ओळ खोडणारच. व्यापाराचा तो नियमच आहे. आमचा आक्षेप एवढाच आहे की, ज्यांच्या दृष्टीने संघ ही वहीतली ओळ नाही, त्या पाठीराख्यांना ती खोडली जाताना शब्दानेही विचारले जात नाही.

या अनिश्चिततेचा कळस गेल्या वर्षी झाला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि साखळी चालविणारी व्यापारी कंपनी यांच्यातील पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. नवा करार न झाल्याने हंगाम वेळेवर सुरू झालाच नाही आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये तो आखडत्या स्वरूपात सुरू करावा लागला. खेळाडूंचे पगार धन्याने खिशातून द्यायचे, आणि साखळीच चालेल की नाही याचा भरवसा नाही, अशा स्थितीत परदेशी भांडवलाने काढता पाय घेतला यात आश्चर्य ते काय? उडते पाखरू फांदी हलताच उडते. झाडाला मात्र जागच्या जागी उभे राहावे लागते. आमचे पाठीराखे हे ते झाड आहेत.

मग पाठीराख्यांच्या हाती काहीच नाही काय? कोल्हापूरकडे पाहावे. तेथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे संघ राजर्षी शाहू स्टेडियमवर खेळतात. त्यांना पेठ पोसते. म्हणून मोठ्या धन्याची थैली तेथे नसली तरी संघ पिढ्यान्‌पिढ्या टिकले. कोलकात्याकडे पाहावे. २०२० मध्ये मोहन बागानच्या नावामागे दुसऱ्या एका व्यापारी संघाचे नाव जोडले गेले, तेव्हा पाठीराख्यांनी तीन वर्षे चिकाटीने विरोध केला आणि मार्च २०२३ मध्ये मालकांना ते नाव काढावे लागले. जर्मनीत तर काही अपवाद वगळता संघाच्या निम्म्याहून अधिक मतांचा अधिकार सभासदांकडेच राहिला पाहिजे, असा दंडक आहे. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा संघ धन्यांनी दुसऱ्या गावी नेण्याचे ठरविले, तेव्हा पाठीराख्यांनी २००२ मध्ये स्वतःचा नवा संघ काढला आणि २०२० मध्ये तो आपल्या जुन्या वस्तीत, प्लाऊ लेनवर, परतला. २०२५ मध्ये त्या देशाच्या पार्लमेंटने कायदाच केला की, संघाचे मैदान विकणे, बोधचिन्ह वा रंग बदलणे हे मालकाच्या एकट्याच्या मर्जीवर राहणार नाही. पाठीराखा म्हणजे केवळ तिकीट घेणारे गिऱ्हाईक नव्हे, हे तत्त्व जगात मान्य होत चालले आहे. आपल्याकडे ते मान्य करून घ्यावयाचे आहे.

आता मैदानाचा प्रश्न. सिडकोने खारघर येथे फुटबॉलचे उत्कृष्टता केंद्र उभारावयास घेतले, त्याच्या आराखड्यात सरावाच्या मैदानांबरोबर सुमारे चाळीस हजार प्रेक्षकांच्या स्टेडियमची कल्पना मांडली होती. हा आकडा ऐकून तरुणांच्या डोळ्यांत स्वप्ने उभी राहतात, आणि ती राहावीत. परंतु स्वप्नाचाही हिशेब मांडावा लागतो. संघ वर्षाकाठी घरच्या मैदानावर दहा-बारा, फार तर पंधरा सामने खेळतो. उरलेले साडेतीनशे दिवस चाळीस हजार खुर्च्या कोणाची वाट पाहणार? कोकणच्या पावसात चार महिने त्या गंजू नयेत म्हणून होणारा खर्च कोण सोसणार? अंधेरीच्या सात-आठ हजारांवरून एकदम चाळीस हजारांवर उडी घेणे म्हणजे दाराशी हत्ती बांधण्यासारखे आहे. आमच्या मते आरंभ दहा-बारा हजारांच्या मैदानाने करावा, पाया आणि रस्ते मात्र पुढील वाढीचा विचार करून आखावेत. रोज भरणारे लहान मैदान हे वर्षातून दोनदा भरणाऱ्या मोठ्या मैदानापेक्षा खेळाची सेवा अधिक करते.

या मताविरुद्ध वानखेडे स्टेडियमचे उदाहरण दिले जाते. ब्रेबॉर्न स्टेडियमच्या मालक क्लबशी जागांच्या वाटपावरून वाद झाला, तेव्हा शेषराव वानखेडे यांनी ईर्ष्येने नवे स्टेडियम उभारले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे कसोटी सामनाही झाला. मग फुटबॉलच्या बाबतीत ही भीड कशाला, असा प्रश्न आहे. त्यास उत्तर असे की, क्रिकेटचा प्रेक्षक तेव्हा दाराबाहेर तिष्ठत उभा होता. फुटबॉलचा प्रेक्षक अद्याप घडवावयाचा आहे. अल हिलालसारखा पाहुणा आला की हजारो लोक येतात, पण साध्या साखळी सामन्याला अंधेरीला जाऊन येण्यात पनवेलच्या माणसाचे तीन-चार तास मोडतात, आणि रात्री सामना संपल्यावर अलिबागच्या माणसाला मांडव्याची लाँच मिळत नाही. खारघरचे मैदान झाले तर हा प्रेक्षक जवळ येईल, हे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच ते व्हावे, पण शहाणपणाने व्हावे, असे आम्ही म्हणतो.

शहाणपणाचा आग्रह धरण्यास आणखी एक गंभीर कारण आहे. खारघरची भूमी ही कोणा धन्याच्या वाडवडिलांची नव्हे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या. त्या भूमीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जासई-दास्तान परिसरात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, तेव्हा कोठे विकसित भूखंडाच्या साडेबारा टक्क्यांचे तत्त्व पुढे आले. ज्या आगरी-कोळी-कराडी बांधवांची शेते गेली, त्यांच्याच नातवंडांना त्या भूमीवरील मैदानाचे फाटक बंद असावे, आणि कोणा कंपनीने आयत्या बिळावर नागोबा होऊन बसावे, हे आम्ही कदापि मान्य करणार नाही. सार्वजनिक कारणासाठी घेतलेली जमीन सार्वजनिकच राहिली पाहिजे.

प्रेक्षकांच्या जिवाची किंमतही आम्ही याच खारघरात मोजलेली आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या समारंभासाठी जमलेल्या अफाट समुदायातील अनेक जण भर दुपारच्या उन्हात उष्माघाताने दगावले. सावली, पाणी, वाटा आणि रुग्णवाहिका यांचा विचार व्यासपीठानंतर नव्हे, आधी करावयाचा असतो, हा त्या दुर्दैवी दिवसाचा धडा आहे. १३ डिसेंबर २०२५ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर महागडी तिकिटे घेऊन आलेल्या लोकांना मेस्सीचे धड दर्शनही घडले नाही आणि खुर्च्यांची मोडतोड झाली. त्या मोडतोडीचे आम्ही समर्थन करीत नाही. परंतु प्रतिष्ठितांनी मैदानाचा मध्य अडवावा आणि पैसे मोजणाऱ्याने कठड्याआड चरफडत राहावे, ही व्यवस्थाच त्या क्षोभाची जननी होती, हे कोणी नाकारू नये.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, मैदानाची मालकी सिडकोकडे वा पुढे महानगरपालिकेकडे राहावी. संघाला ते भाडेपट्ट्याने द्यावे आणि पट्ट्याच्या अटी वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध कराव्यात. दुसरी, जो धनी पट्टा घेईल त्याने ठरावीक वर्षे संघ न हलविण्याची हमी द्यावी आणि त्यासाठी अनामत ठेवावी. तो निघून गेला तर ती अनामत स्थानिक खेळाच्या कामी यावी. तिसरी, आठवड्यातील निश्चित दिवस मैदान रायगड जिल्ह्यातील शाळा, मुलींचे संघ आणि गावोगावची मंडळे यांच्यासाठी मोकळे असावे. चौथी, मैदानाच्या व्यवस्थापक समितीवर पाठीराख्यांनी निवडलेला आणि प्रकल्पग्रस्त गावांनी निवडलेला असे दोन प्रतिनिधी असावेत, आणि त्यांना नुसता चहा नव्हे, मत मिळावे.

नव्या-जुन्या धन्यांना आमचे सांगणे आहे की, खेळाडूवर केलेला खर्च एका हंगामात उडून जातो आणि मैदानावर केलेला खर्च धन्याच्या पश्चातही उभा राहतो. पैसा थोडा असेल तर तो आधी दुसरीकडे वळवावा. आणि पाठीराख्यांना आमचे सांगणे आहे की, धनी उदार आहे की कंजूष यावर आपापसांत भांडण्यात रात्री घालवू नयेत. धन्याचा स्वभाव आपण बदलू शकत नाही. पट्ट्याच्या अटी मात्र बदलवून घेऊ शकतो, पण त्यावर सही होण्याच्या आधी. त्या अटी लिहिण्याची वेळ येईल, तेव्हा सिडकोच्या बेलापूरच्या कचेरीपुढे धन्याचे वकील हजर असतील, यात शंका नाही. तेथे पाठीराखे आणि पंचाण्णव गावेही हजर असली पाहिजेत.