ऑपरेशन झाले, तरी मुंग्या का जात नाहीत?

रात्री बोटे बधिर होऊन झोपमोड व्हायची, म्हणून मनगटाचे ऑपरेशन केले. टाके निघाले, जखम भरली. तरी बोटांना मुंग्या येतातच. मग घरात कुरकुर सुरू होते, ‘पैसे फुकट गेले!’ शिलाई, धुणी-भांडी, विड्या वळणे अशा कामांवर घर चालवणाऱ्या भगिनींचा तर धीरच सुटतो. म्हणून आज आम्ही याच विषयावर लिहीत आहोत.

कार्पल टनेल म्हणजे मनगटातला अरुंद बोगदा. खाली हाडे, वर जाड पट्टा. त्यातून बोटे वाकवणाऱ्या 9 कंडरा आणि एक नस जाते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना ही नस सांभाळते. ऑपरेशनमध्ये तो पट्टा कापून नसेवरचा दाब काढतात. दाब त्याच दिवशी निघतो. नसेची इजा मात्र त्याच दिवशी भरून येत नाही.

नसेचे नुसते वेष्टन दबले असेल तर रात्रीचा त्रास लवकर थांबतो. आतले धागेच खराब झाले असतील तर ते पुन्हा वाढावे लागतात. त्यांचा वेग दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर! मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर साधारण 17-18 सेंटिमीटर. म्हणजे सहा महिने सहज जातात, काहींना वर्षही लागते. दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढले असेल, अंगठ्याच्या बुडाचे मांस झडले असेल किंवा मधुमेह असेल, तर थोडा बधिरपणा कायमचाही राहू शकतो. हे आधीच माहीत असलेले बरे.

तोवर बोटे हलती ठेवावीत. कपडे पिळणे, जड घागर उचलणे डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे. बधिर बोटांना तव्याचा चटका कळत नाही, म्हणून चिमटा किंवा फडके वापरावे.

मात्र सगळेच ‘होईल बरे’ म्हणून सोडून देऊ नये. काही आठवड्यांनंतरही रात्री पूर्वीसारखीच जाग येत असेल, बधिरपणा वाढला असेल, अंगठ्यातला जोर कमी होत असेल, तर पुन्हा दाखवावे. जखम लाल होऊन पू आला किंवा ताप आला तर त्याच दिवशी जावे. मुंग्या फक्त करंगळीकडे येत असतील तर दोष दुसऱ्या नसेत किंवा मानेत असू शकतो. नसेची तपासणी पुन्हा करावी का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. संकोच वाटत असेल तर प्रश्न कागदावर लिहून न्यावेत.

घरातल्या बंधूंना आमचे एक सांगणे आहे. टाके निघाले म्हणजे हात कामाला मोकळा झाला, असे समजू नका. काही आठवडे धुणे आणि पाणी भरणे तुम्ही उचला. नसेला सावरायला वेळ हवा, आणि तो वेळ घरानेच द्यायचा असतो.