आधी बसणे, मग चालणे

घरात कुणाला लकवा मारला की आपले सगळे लक्ष हातापायांकडे जाते. तेल चोळतो, बोटे हलतात का ते बघतो. आम्हीही तेच केले. भेटायला येणारे विचारत, "अब्बा चालायला कधी लागणार?" आणि अब्बांना तर पलंगाच्या कडेवर बसताही येत नव्हते. एका बाजूला कलत. खोकला इतका दुबळा की घशातला कफ सुटत नसे.

फिजिओथेरपिस्टने तेव्हा आम्हाला समजावले. लकवा पोटापाठीच्या स्नायूंनाही दुबळे करतो. छाती आणि पोट यांच्यामधले श्वासपटल हा श्वासाचा मुख्य स्नायू. आपण हात उचलण्याच्या क्षणभर आधी तोच आवळतो आणि धडाला आधार देतो. तो दुबळा झाला की श्वास उथळ होतो, बसण्याचा तोलही डळमळतो. त्यात गिळताना ठसका लागत असेल, तर घास फुप्फुसात जाऊन न्यूमोनियाची भीती.

म्हणून अब्बांचे दोन व्यायाम एकत्र सुरू झाले. पहिला, लहानशा यंत्रातून जोर लावून श्वास आत ओढणे. आधी रुग्णाची ताकद मोजतात, साधारण तिच्या ३० टक्के जोरापासून सुरुवात करतात आणि हळूहळू वाढवतात. तीन गोळ्यांचे यंत्र वेगळे. त्यात असा ठरावीक जोर लावता येत नाही. दुसरा, तळवे जमिनीला टेकवून, पाठ न टेकता बसणे. मग समोरचा, बाजूचा पेला घेण्यासाठी वाकून पुन्हा सरळ होणे. दुबळ्या बाजूला घरचे कुणीतरी उभे हवेच. मात्र उठवताना दुबळा हात ओढू नका, खांदा दुखावतो.

या व्यायामाने श्वासाच्या स्नायूंची ताकद वाढते, हे अभ्यासांत दिसले आहे. पण केवळ त्याने माणूस चालू लागेल, अशी आशा लावू नये. रक्तदाब आटोक्यात नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. चक्कर आली, छातीत दुखले तर लगेच थांबा.

अब्बा अजून काठीशिवाय चालत नाहीत. पण अल्हम्दुलिल्लाह, खुर्चीवर पाठ न टेकता बसून नमाज पढतात. खोकला आला तर कफ स्वतः काढतात. कुणी चालण्याचे विचारले, तर आम्ही आधी हे सांगतो.