हेल्मेट होतं, तरीही...

स्नोबोर्डिंग म्हटलं की फळीवर उभं राहून बर्फावरून घसरणं, एवढंच आपल्याला माहीत असतं. ऑलिम्पिकमध्ये मात्र या एका नावाखाली दोन वेगळे खेळ चालतात. पॅरलल जायंट स्लॅलम आणि स्नोबोर्ड क्रॉस या शर्यती. आधी पोहोचेल तो जिंकला. हाफपाइप, स्लोपस्टाइल आणि बिग एअरमध्ये गुण पंच देतात: उडी किती उंच, गिरक्या किती, उतरणं किती सफाईदार. १९९८ला नागानोत यांपैकी फक्त हाफपाइप होता. स्लोपस्टाइल २०१४ला आला, बिग एअर २०१८ला.

डॉक्टर म्हणून मला हा फरक मोठा वाटतो. हाडं शर्यतीतही मोडतात. क्रॉसमध्ये चार-चार जण एकदम उतरतात, धक्के बसतातच. पण गुणांच्या खेळात जास्त गुण जास्त धोक्यालाच मिळतात. काल एकट्याला जमलेली उडी आज सगळे मारतात, मग पुढच्याला आणखी एक गिरकी घ्यावीच लागते.

अमेरिकेचा केव्हिन पिअर्स ३१ डिसेंबर २००९ रोजी पार्क सिटीच्या हाफपाइपमध्ये अशाच एका अवघड उडीचा सराव करत होता. व्हँकुव्हर ऑलिम्पिक दीड महिन्यावर आलं होतं. उतरताना त्याचं डोकं बर्फावर आपटलं. हेल्मेट होतं. जीव वाचला, पण मेंदूला जबर इजा झाली आणि स्पर्धा कायमची सुटली. हेल्मेट कवटीला वाचवतं; आत हिंदकळणारा मेंदू ते पूर्ण थांबवू शकत नाही. दुचाकीवरून पडलेल्यांचे नातेवाईक ‘हेल्मेट होतं की हो डॉक्टर’ म्हणतात, तेव्हा आम्ही हेच समजावतो. (म्हणून ते घालायचं नाही असं कृपया कुणी समजू नये.)

२०१८ला प्याँगचँगमध्ये वाऱ्यामुळे महिलांच्या स्लोपस्टाइलची पात्रता फेरी रद्द झाली. दुसऱ्या दिवशीही वारा होता, तरी अंतिम फेरी उरकली गेली. एकीमागून एक मुली पडल्या. हे मला अक्षम्य वाटतं.

उड्या बंद करा, असं माझं म्हणणं नाही. पण डोक्याला मार बसलेल्याला पुन्हा वर पाठवायचं का, हे त्याने किंवा त्याच्या प्रशिक्षकाने ठरवू नये. असा रुग्ण ‘मी ठीक आहे’ म्हणतो आणि त्याला ते खरंच वाटत असतं. संघाशी वा प्रायोजकाशी संबंध नसलेल्या डॉक्टरकडे हा अधिकार हवा, आणि वाऱ्याच्या दिवशी स्पर्धा थांबवण्याचाही.