शेनचे वकील

‘शेनचेच बरोबर होते’ हे ‘द वॉकिंग डेड’ (२०१०–२०२२) या अमेरिकी मालिकेच्या चाहत्यांमधील एक लाडके मत आहे. चालत्या प्रेतांनी व्यापलेल्या जगात नीती ही चैन आहे. जगेल तोच शहाणा, असा त्याचा आशय. आम्हांस हा युक्तिवाद केवळ क्रूर नव्हे, तर हिशेबातही कच्चा वाटतो.

पुरावा म्हणून दुसऱ्या पर्वातील (२०११) प्रसंग दिला जातो. गोळी लागलेल्या कार्लसाठी शस्त्रक्रियेचे साहित्य आणताना शेन आणि ऑटिस प्रेतांच्या तावडीत सापडतात. शेन ऑटिसच्या पायात गोळी घालतो आणि त्याला मागे टाकून निसटतो. मुलगा वाचतो. दोघे मरण्यापेक्षा एक मेलेला बरा, असे गणित मग मांडले जाते.

परंतु या गणितातून अर्धी बेरीज गाळलेली असते. अनोळखी माणसांना घरात घेऊन कार्लवर उपचार करणारा पशुवैद्य हर्शेल, आणि ती गोळी आपल्याच हातून चुकून लागली म्हणून जिवावर उदार होऊन निघालेला ऑटिस, यांच्याविना शेनने आणलेले साहित्य काय कामाचे होते? कार्लचे जगणे शक्य झाले ते या दोघांच्या नीतीमुळे. शेनने ती पुंजी फक्त उधळली.

शिवाय, कृत्य एवढे समर्थनीय होते तर ऑटिसने स्वेच्छेने बलिदान केले अशी थाप त्याच्या अंत्यविधीत शेनला का मारावी लागली? सत्य कळले असते तर त्या जथ्यात कोणी कोणाकडे पाठ करून झोपला नसता, हे त्यास पुरते ठाऊक होते. त्याच्या वकिलांना ते अद्याप उमगलेले दिसत नाही.